चिंबोरीचे वडे आणि दोन वाट्या

चिंबोरीने धोतर धरलं तेव्हा रघू ठाण्याच्या बाजारात वांग्यांचा भाव करत उभा होता.

"हलू नको," मागून आवाज आला. "हललास का ती जास्ती आवलते."

रघू खांबासारखा उभा राहिला. मागे बांगड्या किणकिणल्या, कुणीतरी खाली बसलं, आणि सोग्याला लटकलेली चिंबोरी एका चिमटीत सुटून पुन्हा टोपलीत गेली. सोडवणारीचं नाव शकू. कळव्याच्या मिठागरावरचे मुकादम नाथाबा, त्यांची ही एकुलती एक लेक. खाडीच्या चिखलातल्या बिळांत हात घालून चिंबोऱ्या काढायची आणि बाजारच्या दिवशी होडीने ठाण्याला आणून विकायची.

"कंचा गाव?" तिने विचारलं.

"ठाकुर्ली."

"गावाच्या नावातच कुर्ली, आनि कुर्लीला भितंस?"

कुर्ली म्हणजे चिंबोरीच, खेकडा. आजूबाजूच्या बायका हसल्या. रघूने मान वळवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू...

"तिला नाय भ्यायलो," तो म्हणाला. "आता... आता जरा भ्यायलो."

एवढंच. पण त्या संध्याकाळी शकूने कालवणात मीठ दोनदा घातलं. मिठागराच्या मुकादमाच्या घरी मीठ जास्त झालं तरी कुणी नावं ठेवत नाही, म्हणून बरं.

त्यानंतर दर बाजाराला ठाकुर्लीहून भाताची होडी येई, होडीबरोबर रघू येई, आणि शकूच्या टोपलीतली एक चिंबोरी घेऊन जाई. एकच. एका चिंबोरीत घरच्यांचं भागतं कसं, असं तिने शेवटी विचारलं, तर हे राजे म्हणे ती घरी नेतच नाहीत. वाटेत खाडीत सोडून देतात.

"मंग घेतंस कया?"

"पुढच्या बाजाराला यायला निमित्त नको?"

शकूने डोक्यावरचा पदर उगाचच सारखा केला. इतकं झाल्यावर पाहुणचार करायला नको? पुढच्या खेपेला तिने घरी केलेले चिंबोरीचे वडे पानात बांधून आणले, सोबत थोडी चटणी. रघूने वडा चटणीला नुसता टेकवून तोंडात टाकला. आधी कान लाल झाले, मग डोळे भरले, मग उचकी लागली. आपल्याला तिखट सोसत नाही, आईने दूधभातावर वाढवलंय, हे त्याने उचक्या देत देतच कबूल केलं.

शकू हसली नाही.

त्याला कारण तिचे आबा, नाथाबा. खाडीवरून आगगाडी धावू लागून वीसेक वर्षं झाली, तरी हा माणूस तिच्यात बसला नव्हता. एकदा ठरलं की ठरलं. लेकीच्या लग्नाचंही त्यांनी असंच ठरवून टाकलं होतं. मागणी घालणाऱ्या मुलाने आधी एकट्याने घरी जेवायला यायचं, शकूच्या हातचे वडे तिच्या चटणीत बुडवून खायचे, आणि जेवण होईतो पाणी मागायचं नाही. तिखट सोसेल तो संसार सोसेल, असा त्यांचा हिशेब. शकूलाही हा नियम आजवर फार सोयीचा पडला होता. नको असलेला मुलगा आला की ती पाट्यावर मूठभर मिरच्या जास्त वाटायची. मोहन्याचा एकजण पहिल्या घासालाच चप्पल शोधू लागला. आंबिवलीच्या एकाने अंगणात धावत जाऊन बैलांच्या डोणीत तोंड घातलं. नाथाबा तीच चटणी बोटाने चाटत बसत आणि आजकालच्या पोरांबद्दल हळहळत.

आणि आता रघूच्या काकाने मागणीचा निरोप धाडला होता. तो ऐकून नाथाबांनी जाहीर केलं की हाही पळाला तर दिवा गावच्या परशुरामाला हो म्हणायचं. परशुराम मिरच्या शेंगदाण्यांसारख्या खायचा आणि खाता खाता फक्त बैलांबद्दल बोलायचा. जन्मभर ते बैल ऐकायचे, या विचाराने शकूची झोप उडाली. तिने बाजारात रघूला आबांचा नियम सांगून बजावून पाहिलं, की इतक्यात येऊ नकोस. पण गडी तयारीला लागला होता.

"रोज सकाली अर्धी मिरची खातंय. परवा तं आख्खी खाल्ली."

"मंग?"

"मंग दोन दिस बोललो नाय."

जेवणाचा दिवस उजाडला. अमावस्या जवळ आलेली, चिंबोऱ्या मांसाने गच्च भरलेल्या. शकूने त्या उकडल्या, नांग्या फोडल्या, बाभळीच्या काट्याने आतलं पांढरं मांस कोरून कोरून काढलं. त्यात ओलं खोबरं, आलं-लसूण, कोथिंबीर आणि बांधायला तांदळाचं पीठ. चपटे वडे थापून तव्यावर तेलात सोडले, तसा चुर्र आवाज झाला आणि वास पार बांधापर्यंत गेला. हात चालत होते, डोकं चटणीत अडकलं होतं. चटणी तिखट केली तर रघू जातो. गोड केली तर आबांना पहिल्या बोटाला कळतं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तिने दोन चटण्या वाटल्या. आबांची नेहमीची जाळ. रघूची कैरी, खोबरं आणि गुळाची, मिरची नावालासुद्धा नाही, नुसती हिरवीगार दिसावी एवढी कोथिंबीर. वाढताना घोटाळा नको म्हणून आबांची चटणी कल्हईच्या वाटीत आणि रघूची काठ फुटलेल्या मातीच्या वाटीत ओतली. दोन्ही पानं वाढून ती दाराआड उभी राहिली.

नाथाबा पाटावर बसले आणि त्यांची नजर पाहुण्याच्या पानाकडे गेली.

"अगो शकू, पावन्याला फुटकी वाटी?" त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शकू तोंड उघडेपर्यंत त्यांनी दोन्ही वाट्यांची अदलाबदल केलीसुद्धा.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! रघूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने अख्खा वडा कल्हईच्या वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. शकूने डोळे मिटून घेतले.

उघडून पाहते तर तो अजून पाटावरच होता. नाथाबांनी भाताचं पीक विचारलं, त्यावर "हं" म्हणाला. जमीन विचारली, त्यावर "हंहं". डोळ्यांतलं पाणी नाकावरून पानात टपकत होतं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, धूर. चूल तर केव्हाच विझलेली. तांब्या हाताशी होता, त्याकडे त्याने पाहिलंही नाही. दाराकडे मात्र एकदा पाहिलं... आणि दुसरा वडा उचलला. शकूचा जीव कळवळला. असा वेडा माणूस पुन्हा मिळायचा नाही, आणि मिळाला तरी तिला दुसरा नकोच होता.

तेवढ्यात नाथाबांनी आपला वडा बुडवला. चावता चावता त्यांचं तोंड थांबलं.

"शकू. मिरची संपली घरान?"

हो म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. पण रघूचा हात तिसऱ्या वड्याकडे निघाला होता.

"मिरच्या हायत, आबा. ती वाटी त्यांची व्हती. त्यांना तिखट सोसत नाय."

"तुला कोनी सांगला?"

पायाच्या अंगठ्याकडे पाहत शकू एका दमात बोलून गेली, "आधी आयले त्यांना मीच मिरच्या जास्ती घातल्या. यांना घालवना माझ्यानं. मना हेच पायजेत."

लेकीने असं तोंडाने मागितलेलं कळव्यात कुणी ऐकलं नव्हतं. नाथाबा रघूकडे वळले.

"सोसत नाय तं दुसरा वडा खाल्लास कया?"

रघूने डोळे पुसले. "पानी मागितला असता..." उचकी. "तं शकू गेली असती..."

खाली मान घालून नाथाबांनी फुटक्या वाटीत बोट फिरवलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्या रघूपुढे ठेवला.

"पी. तू मागितला नायस, मी देतंय. जावयाला पानी नाय द्यायचा तं कोनाला?"

रघूने अख्खा तांब्या तोंडाला लावला. ठाकुर्लीला काकाकडे माणूस धाडायला नाथाबा अंगणात गेले, तशी शकू दाराआडून पुढे आली.

"ती फुटकी वाटी... खरंच माझी व्हती?"

"मंग कोनाची?"

"तं दे ना आता."

तिने वाटी उचलून त्याच्यापुढे धरली. आत काही उरलं नव्हतं. नाथाबांनी ती पुसून चाटली होती. रघूचा चेहरा असा पडला की शकूला हसूच आवरेना.

"रडू नको. जलमभर तशीच चटनी करून घालीन."

"रोज?"

"रोज." तिने वाटी पुन्हा पानाशेजारी ठेवली. "भांडन झाला, तं मातर आबांची."