डबल आलेली मुलगी

मी भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं तपासतो. एकोणीस वर्षं झाली. हातात व्हर्नियर कॅलिपर, समोर झाकणांचा ढीग आणि डोक्यात एकच प्रश्न: पास की रिजेक्ट. ही खोड घरीही सुटत नाही. पोळीचा काठ जाड राहिला तर मी बोलत नाही, पण माझ्या बायकोला, रुचिताला, ते माझ्या तोंडावरून कळतं. "कौस्तुभ, मला बघायला आलास तेव्हा खिशात व्हर्नियर होता का रे?" असं ती चारचौघांत विचारते. लोक हसतात. मीही हसतो, कारण खरंच होता.

छंद मात्र पोरासोरांचा आहे. ब्लाइंड बॅगमधल्या फिगर जमवतो. बंद पाकीट, आत बोटभर उंचीची प्लॅस्टिकची आकृती, आणि कुठली ते फोडल्याशिवाय कळत नाही. मीरा-भाईंदरमध्ये आमचा सतरा जणांचा ग्रुप आहे. नवीन मालिका आली की आधी मी तपासतो, दहापैकी मार्क देतो आणि त्यावर बाकीचे घ्यायची की नाही ते ठरवतात. डबल आलेल्या फिगर रविवारी अकरा वाजता बागेत अदलाबदल करायच्या. त्याचे नियम दोनच, दोन्ही माझे. डबलमधला चांगला पीस ठेवायचा, खोट असलेला द्यायचा. आणि एकदा दिलेला पीस परत मागायचा नाही.

मार्चमध्ये भाईंदर पश्चिमेला चंदनभाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात मला 'आपली माणसं' नावाची मालिका दिसली. पाकिटावर कंपनीचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता. मागे फक्त बारा काळ्या आकृत्या.

"ये कब आया?" मी विचारलं.

"परसों शटर खोला तो काउंटर पे था," चंदनभाई म्हणाले. "मेरे को लगा आपने ही रखवाया."

मी चौदा पाकिटं घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझी मुलगी इशिता, वय वर्षं नऊ, चित्रकलेच्या क्लासला निघाली होती. "बाबड्या, मला मांजर आली तर ठेव," ती म्हणाली. मग सवयीप्रमाणे हनुवटीवरून बोट फिरवत जरा विचार केला आणि म्हणाली, "नाहीतर कुत्रा पण चालेल." पाण्याची बाटली गळ्यात अडकवून ती गेली. मी पेपर पसरून पाकिटं फोडायला बसलो.

पहिला निघाला इस्त्रीवाला. पाठीवर गाठोडं, बनियनला काखेत भोक. काखेतलं भोक डायमध्ये, म्हणजे साच्यात, कोण पाडतं? मी भिंग लावलं. मोल्डिंगच्या कुठल्याही वस्तूवर डायचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ राहते. ती लपवता येते, घालवता येत नाही. इथे नव्हती. मी सगळ्या फिगर पालथ्या घालून पाहिल्या, एकीवरही नव्हती. पीस हाताला किंचित कोमट लागत होते. टेबलावर ऊन आलं होतं, त्याने असेल असं म्हटलं आणि वहीत लिहिलं: काम अव्वल.

बारा वेगवेगळ्या निघाल्या आणि दोन डबल. एक कोळीण. तिच्यातल्या एका पीसची करंगळी अर्धीच होती. आमच्याकडे त्याला शॉर्ट म्हणतात, वितळलेला माल साच्याच्या टोकापर्यंत भरला नाही की असं होतं. दुसरी डबल होती शाळकरी मुलगी. निळा फ्रॉक, दोन वेण्या, गळ्यात बाटली. तिच्या एका पीसच्या हनुवटीखाली आडवी खाच होती. हा गेट मार्क, डायमध्ये माल शिरतो तिथे राहणारी खूण. दुसरीची हनुवटी स्वच्छ. दोघींची उंची मोजली, चोपन्न पूर्णांक वीस मिलिमीटर. वहीत शेरा मारला: खाच असलेली रिजेक्ट.

बागेत त्या दिवशी नऊजण आले होते. खोट असलेल्या दोन्ही फिगर क्षितिजाने घेतल्या. ही जवळच्याच मुर्धा गावातली, बालवाडीत शिकवते, वय असेल चोवीस. बदल्यात तिने मला एक मांजर दिली आणि एक छत्रीवाला. मुलीची फिगर तळहातावर घेऊन तिने खाचेवरून हलकेच अंगठा फिरवला.

"दादा, हिला लागलंय का हो?"

"लागलं नाही. गेट मार्क आहे तो," मी म्हणालो. वर दोन मिनिटं गेट म्हणजे काय तेही समजावलं. मला समजवायला आवडतं.

परतताना बाजारात हौसाबाईंकडे थांबलो. अकरा वर्षं मी त्यांच्याकडूनच मासे घेतो. मी माशाचे डोळे आणि कल्ले तपासतो म्हणून त्या मला मास्तर म्हणतात आणि येताजाता माझा उद्धार करतात. त्यांची उजवी करंगळी होडीच्या दोरात अर्धी गेली होती. ती हकीकत मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. दर वेळी दोर जाड होत जायचा.

त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. बोंबील काट्यावर ठेवले, काटा नेमका मधे आल्यावर पिशवीत भरले. वर एखादा टाकला नाही, शिवी दिली नाही. पिशवी पुढे करताना मी हात पाहिला.

"हौसाबाई, करंगळी?"

"काय झालं करंगळीला?"

"अर्धी होती ना. दोरात गेली होती."

त्यांनी हात माझ्यासमोर धरला. पाच बोटं, पाच नखं. "दहा हायत. मोजून घ्या," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी हाताकडे बघत राहिलो. बोट धडधाकट होतं, कातडी गुळगुळीत. आणि मला खाच आठवली. हनुवटीखाली, आडवी, डावीकडे जरा खोल.

पिशवी तिथेच राहिली. रिक्षाही सुचली नाही. मी पळत घरी आलो.

दार इशिताने उघडलं. क्लासवरून नुकतीच आली होती, बाटली अजून गळ्यात होती.

"बाबा, मासे नाही आणले?"

बाबा. बाबड्या नाही.

मी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. ती स्वच्छ होती.

इशिता चार वर्षांची असताना आम्ही चेण्याला नदीवर गेलो होतो. मी एका दगडावर प्लॅस्टिकचा वाघ ठेवून ग्रुपसाठी फोटो काढत होतो. ती मागे होती. मला फक्त आवाज आला. तीन टाके पडले. पाच वर्षं तो व्रण मी रोज पाहिला आणि रोज मान वळवली, कारण ती माझीच चूक होती. तिला मात्र तो आवडायचा. विचार करायचा झाला की तिचं बोट तिथेच जायचं.

आणि भिंग लावून पाहिलं तेव्हा मला तिथे गेट मार्क दिसला.

रुचिता स्वयंपाकघरात होती. मी तिला ओढतच बाहेर आणलं.

"कसला व्रण?" ती म्हणाली.

"चेण्याचा. पडली नव्हती का ती?"

"चेण्याला कोणी पडलं नव्हतं, कौस्तुभ. तू वाघाचा फोटो काढलास, आपण डबा खाल्ला, घरी आलो." तिने माझ्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलंय का तुला?"

मी मोबाइलमधले फोटो उघडले. वाढदिवस, स्नेहसंमेलन, गणपती. हनुवटी सगळीकडे स्वच्छ होती.

टेबलावरची स्वच्छ फिगर मी खिशात टाकली आणि मुर्ध्याला रिक्षा केली. दुपारचा एक वाजला असेल. क्षितिजा ओटीवर बसली होती, जणू माझीच वाट बघत. मी बोलायच्या आधी तिने काड्यापेटी पुढे केली. आत कापूस होता आणि कापसात खाचेची मुलगी.

"हनुवटीला लागलेलं होतं म्हणून कापूस घातला," ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे दादा, पण न्या."

मी स्वच्छ फिगर तिच्या हातात दिली. तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"कोळीण मी देणार नाही," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हौसाबाई माझी सख्खी आत्या. मगाशी बाजारातून आली. सगळ्यांना चहा विचारला. कोणाशी भांडली न्हाय, कोणाला बोलली न्हाय. आई म्हणते, बरं झालं, शहाणी झाली."

"करंगळी पाहिलीस?"

तिने होय म्हणून मान हलवली. आत कुणीतरी कपबशा विसळत होतं, अगदी हळू, आवाज न करता.

घरी पोचेपर्यंत काड्यापेटी मुठीत होती. मी बेल वाजवली आणि डोळे मिटून उभा राहिलो.

दार उघडलं. हनुवटी स्वच्छ होती.

दिलेला पीस परत मागायचा नाही. नियम माझाच.

याला चार महिने झाले. इशिता आता दूध सांडत नाही, वेण्या घालताना हलत नाही, मांजर पाहिजे असं म्हणत नाही. तिचे मार्क वाढलेत. रुचिता शेजाऱ्यांना कौतुकाने सांगते आणि मी मान डोलावतो. रात्री इशिता माझ्या शेजारी झोपते तेव्हा मी तिच्या कानामागे डायची ती रेघ शोधत नाही. भीती वाटते.

आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर तिची उंची मारायची पद्धत आहे. मार्चपासूनच्या खुणा एकावर एक बसत गेल्या आहेत. आता ती एकच रेघ आहे, जरा जाड.

काड्यापेटी मी कपाटात ठेवत नाही. रुमालात गुंडाळून कामावर नेतो, जेवताना डब्याशेजारी ठेवतो. ग्रुपवर अजून विचारतात, दादा, त्या मालिकेला किती मार्क? मी उत्तर दिलेलं नाही.

प्लॅस्टिक गार होताना आकसतं. शेकडा अर्धा, एक, दीड. एकोणीस वर्षांत मी ते वाढताना पाहिलेलं नाही. आज जेवणाच्या सुट्टीत मी काड्यापेटीतल्या मुलीला व्हर्नियर लावला, खाच दुखावणार नाही अशा बेताने. मार्चमध्ये चोपन्न पूर्णांक वीस होती. आज चोपन्न पूर्णांक पंच्याण्णव भरली.

फ्रॉक तिला आखूड व्हायला लागलाय.