अहो, बूट राहिले!

कुवेतच्या रिग्गईत माणसं जिना चढतात ती लिफ्ट बंद पडली तरच, आणि तेव्हाही बिल्डिंगच्या हारिसच्या, म्हणजे रखवालदाराच्या, नावाने खडे फोडत. त्यामुळे लिफ्ट धडधाकट चालू असताना एक दणकट तरुण दोन स्वेटर, कानटोपी आणि वर प्लास्टिकचं जाकीट घालून जिन्यावर पळतोय हे पाहिलं आणि ज्ञानदा जागीच थबकली. बाहेर सप्टेंबरची भट्टी पेटलेली! घाम त्याच्या हनुवटीवरून टपटप गळत होता.

दुसरी एखादी असती तर गुपचूप लिफ्टमध्ये शिरली असती. पण ज्ञानदाला चौकशीचा भारी सोस. फरवानियाच्या एका क्लिनिकमध्ये ती फिजिओथेरपिस्ट होती, आणि पेशंटचा गुडघा बरा होईपर्यंत त्याची अख्खी कुळकथा तिला पाठ झालेली असे.

"भाईसाब, ठंड लग रही है क्या?" तिने विचारलं.

"नाही गं," तो धापा टाकत चक्क मराठीत म्हणाला, "वजन कमी करतोय. तू ज्ञानदा ना? मावशी म्हणाली, पाचव्या मजल्यावर एक मुलगी आहे, खूप प्रश्न विचारते."

"ओळख ना पाळख, एकदम तू?"

"ओह, सॉरी!" तो गडबडला. "माझं सगळं मराठी आईकडून आलंय. ती मला तूच म्हणते…"

ज्ञानदाला हसू आवरेना. चौथ्या मजल्यावरच्या अर्चनामावशींचा हा अमेरिकेतला भाचा, आलोक. आयोवात जन्मला, तिथल्याच कॉलेजात कुस्ती खेळला, आता फ्रीस्टाइल खेळतो, आणि शुक्रवारच्या निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी आलाय… एवढं सगळं तिने तीन पायऱ्यांत काढून घेतलं.

त्याने घाम पुसायला कानटोपी काढली तशी तिने विचारलं, "आणि कानाला काय झालं?"

"कुस्ती झाली. घासून घासून असा होतो. हात लावून बघ."

"छे! काहीतरीच." ती म्हणाली. आणि मग लावलाच हात. सुकलेल्या जर्दाळूसारखा तो कान बोटाला लागला आणि ती लाजून लिफ्टकडे पळाली.

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानदाचं जिन्यावरचं प्रेम फारच उतू जाऊ लागलं. क्लिनिकमधून येताना ती कोपऱ्यावरच्या बेकरीतून झातरचा तीळ-मसाला लावलेली गरम रोटी आणायची आणि चौथ्या मजल्यावर दम लागल्याचं निमित्त करून बसायची. शुक्रवारी सकाळी वजन होईपर्यंत आलोकला खायची चोरी.

"मी खाल्लं तर चालेल ना?" तिने विचारलं.

"चालेल. पण एक अट. कसं लागतंय ते सांगायचं."

"कडा कुरकुरीत… मधे मऊ… तीळ दाताखाली येतायत…"

"हळू, हळू. एवढ्या लवकर गिळू नको."

"शहाणेच आहात! खाऊ मी आणि चव घेणार तुम्ही?"

"तू सांगतेस छान," तो तिच्याकडे बघत म्हणाला. तिचा पुढचा घास हातातच राहिला. आपल्याला काय झालंय हे तिला न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. पण शनिवारी दुपारी त्याचं परतीचं विमान होतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

स्पर्धेत कुणाला लागलं तर बघायला मॅटजवळ बसायची ड्यूटी तिच्याच क्लिनिककडे होती, म्हणून बुधवारी तो खांदा दाखवायला आला.

"दुखतोय?" तिने हात थोडा वर उचलला.

"हो… तिथेच."

तिने आणखी जरा उचलला. त्याने तोंड वाकडं केलं. ज्ञानदाला काहीतरी खटकलं. ती सहज गप्पा मारतेय असं दाखवत म्हणाली, "कॉलेजातली आणि ही कुस्ती, फरक काय हो दोन्हींत?"

झालं! स्वारीची कळी खुलली. "कॉलेजात समोरच्याला खाली दाबून ठेवलंस की पॉइंट. फ्रीस्टाइलमध्ये दाबायला वेळच नाही. त्याची पाठ एकदा जरी मॅटकडे वळवलीस की पॉइंट. म्हणजे बघ, मी असा आत शिरतो, हा हात असा वरून…"

"आलोक," ती हळूच म्हणाली, "हात बघा कुठे आहे तुमचा."

हात थेट छताकडे होता. त्याने तो चटकन खाली घेतला.

"खांदा ठणठणीत आहे. दुखतंय ते दुसरंच काहीतरी."

त्याने मान खाली घातली. "कॉलेजात दोनदा नॅशनल फायनलला गेलो. दोनदा एका पॉइंटने हरलो. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून खेळतोय गं. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या टीमच्या ट्रायल्स आहेत आणि… मला भीती वाटते. बाबांच्या मित्राच्या ऑफिसात नोकरी तयार आहे. खांदा गेला म्हणून कुस्ती सोडली, असं सांगता आलं असतं. घाबरून सोडली, हे कोणाला सांगू?"

"मला सांगितलंत की."

"शुक्रवारी जिंकलो तर ट्रायल्स. हरलो तर संपलं."

ज्ञानदा उगाचच त्याचा ठणठणीत खांदा पुन्हा चेपू लागली. त्याचा खेळ सुटला तर आपल्याला इतकं का लागावं, हे तिने स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

शुक्रवारी हॉल खचाखच भरला होता. वजन झालं, आलोकने अख्खी रोटी खाल्ली आणि एकामागून एक कुस्त्या मारत फायनलला पोहोचला. समोर इराणचा पैलवान. पॉइंट बरोबरीत होते. ज्ञानदा बर्फाची पिशवी छातीशी धरून बसली होती, थंडीचं भानच नव्हतं तिला. शेवटच्या क्षणी त्या इराण्याने त्याला कडेला रेटलं, एक पाय वर्तुळाबाहेर पडला… आणि गेली कुस्ती. पुन्हा एका पॉइंटने.

आलोकने त्याला मिठी मारली. मग तो मॅटच्या मधोमध बसला, नाड्या सोडल्या, दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, मॅटला हात लावला आणि मोज्यांवरच बाहेर चालू लागला. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

ज्ञानदा पडली मिरजेची. तालमीत पायताण काढून मातीला हात लावायचा, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिला वाटलं, नमस्काराला बूट काढले आणि दुःखाच्या भरात बिचारा तसाच निघाला! तिने मॅटच्या कडेला स्वतःचे सँडल काढले, अनवाणी आत गेली, बूट उचलले आणि धावत सुटली.

"अहो! अहो, बूट राहिले!"

टाळ्या थांबल्या. पंच बघतच राहिला. तिसऱ्या रांगेतल्या अर्चनामावशींनी कपाळाला हात लावला.

आलोक बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला डोकं टेकून उभा होता.

"बूट राहिले तुझे," ती धापा टाकत म्हणाली.

"राहिले नाहीत, ज्ञानदा. ठेवले मी." त्याचे डोळे लाल झाले होते. "आमच्याकडे शेवटची कुस्ती झाली की बूट मॅटवर सोडतात. म्हणजे… खेळ संपला. ते कोणी उचलत नाही."

ज्ञानदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं बाई! मी… परत ठेवून येऊ का?"

तो हसायला लागला. हसता हसता रडला, आणि पुन्हा हसला. "मी खूप हळू चालत होतो, माहितीये? कोणीतरी थांब म्हणेल म्हणून. कोच टाळ्या वाजवत होते. मावशीसुद्धा. सगळ्यांनी मला छान निरोप दिला. एकटी तू बूट घेऊन मागे धावलीस."

"पण मला ठाऊकच नव्हतं…"

"ठाऊक असतं तर?"

तिने खरंच विचार केला. "तरी उचलले असते. फार तर टाळ्या संपायची वाट बघितली असती. भीती वाटली आज?"

"सुरुवातीला. मग विसरलोच."

"मग सोडतोस कशाला रे, वेड्या?"

त्याने तिच्या हातातले बूट घेतले. बोटं बोटांना लागली, आणि दोघांनाही ती सोडवायची घाई नव्हती.

"आता 'तू' म्हणालीस मला," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. ज्ञानदाने दार उघडलं. बाहेर तिच्या आणि तिच्यासोबत राहणाऱ्या दोघी नर्स मैत्रिणींच्या चपलांच्या ओळीत ते बूट नीट मांडलेले, आणि शेजारी आलोक, मावशीच्या घरातल्या रबरी स्लिपर घालून.

तिचा चेहरा पडला. "म्हणजे… सोडलीस?"

"छे! कोचला सांगून टाकलं, ट्रायल्सला येतोय. हे फक्त इथे ठेवतोय. लकी आहेत, यांच्याशिवाय मी स्पर्धेच्या मॅटवर जात नाही." तो घुटमळला. कालपेक्षा आज जास्त घाबरला होता. "म्हणजे एप्रिलच्या आधी मला इथे यावंच लागेल. तुला… तू मला खूप आवडतेस, ज्ञानदा. मराठीत याहून चांगलं मला येत नाही."

"याहून चांगलं नसतंच," ती म्हणाली. तिने वाकून बूट उचलले आणि आत नेऊन आपल्या सँडलशेजारी ठेवले.

"आणि मला यायला नाही जमलं तर?"

"तर मी येईन घेऊन," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझे बूट घेऊन मागे धावायची सवय झालीये मला."