सज्ज्यातली माणसं

शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये गेले ती खुर्च्या मांडायला. दुसऱ्या दिवशी खास प्रार्थना होती. आमच्या डॉमिनिका बेटावरच्या या चर्चचे एकेकाळी उसाचे मळे होते, मळ्यांवर गुलाम राबत होते, आणि त्याही आधी ही अख्खी टेकडी बेटावरच्या मूळ रहिवाशांची, कालिनागो लोकांची होती. एवढं कबूल करायला आमच्या समितीला वर्षं लागली. बैठका, चहा, पुन्हा बैठका... समितीत बसून बसून माझा जीव विटला होता.

फादर ऑसबर्ट वेदीपाशी उद्याच्या प्रार्थनेत वाचायचा कबुलीचा मजकूर वाचून बघत होते. पुढच्या बाकावर कालिनागो वस्तीतल्या लुसिंथा आजी कसावा कंदाच्या पिठाची भाकरी खात बसल्या होत्या.

"जे घडलं त्याबद्दल आम्हाला खेद वाटतो," फादरांनी वाचलं.

वर सज्ज्यात लाकूड करकरलं. पुष्कळ माणसं एकदम उठावीत तसं.

"उंदीर," फादर म्हणाले.

प्रार्थनेच्या वेळी गुलामांना पूर्वी त्या सज्ज्यात उभं करत. जिना वाळवीने खाल्ला, तेव्हापासून वर कुणी गेलं नव्हतं.

"फादर, 'माफी' म्हणायचं ठरलं होतं ना?" मी चिडलेच. "आणि जमीन परत देण्याचं वाक्य कुठं गेलं?"

"वकील सध्या नको म्हणतात, ॲग्नेटाबाई. जमिनीसाठी वेगळी समिती नेमू."

"अजून एक? मी मरायच्या आत काही होणार आहे का?"

आजी भाकरी चावत म्हणाल्या, "मेल्यावर तरी कुठं सुटका आहे, पोरी? वर बघ की."

माझी मान वर होईना. घामाचा आणि उकळत्या उसाच्या रसाचा वास आला. मग भिंतीलगत, जिथे आता जिना उरला नव्हता तिथून, अनवाणी पावलं उतरू लागली. हळू... एकामागून एक. ती माझ्या अगदी जवळून दाराकडे गेली. कुणाचं तरी खरखरीत मनगट माझ्या हाताला घासलं.

"वारा असेल..." फादर पुटपुटले.

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

"उद्या तरी नीट वाचा," आजी म्हणाल्या.

"मी... मी बिशपसाहेबांना विचारून येतो." कागद गोळा करून फादर जवळजवळ धावतच गाडीकडे गेले. मी मागोमाग गेले. गाडीचं दार बंद होतं, आत कुणीही नव्हतं, पण चाकं दबली होती आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं होतं.

"फादर, नका जाऊ..."

"रिकामी आहे हो गाडी," ते चिडून म्हणाले आणि आत बसले.

गाडी सुरू झाली. फादरांनी आरशात पाहिलं. मग शेजारच्याला जागा करून द्यावी तसे ते अंग चोरून दाराला चिकटून बसले.