लाल पानांचा बांध

शेकोटीत अजून दोन बटाटे सरकव रे, आणि ती गोधडी इकडे दे. गस्तीला आलोय, घोरायला नाही. काय म्हणालास? भूत? तुम्हा पोरांना भूत म्हटलं की मोबाइलमधलं पांढरं कापड आठवतं. मी सांगतो ते तसलं नाही. हे आपल्या पार्जोचं आहे. हो, तोच, टाकीशेजारचा. हसताय काय? आज तो कुणाशी धड बोलत नाही, पण एके काळी अख्ख्या गावात त्याचंच तोंड चालायचं.

गुरुवारची रात्र होती. सूर्य बुडाला की आपल्याकडे शुक्रवार लागतो, आणि हा शुक्रवार क्लिवोनचा, पस्तीस दिवसांनी एकदा येणारा, गेलेली माणसं फिरतात तो. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी मोजणी व्हायची होती. तोवर वरच्या मळ्यांचे कागद कुणाकडेच नव्हते. कुणाची जमीन कुठवर, ते आंदोंगच्या रांगेवरून ठरायचं. लाल पानांचं झाड दिसलं की तुझं संपलं, शेजाऱ्याचं सुरू झालं. मोजणीनंतर मात्र जे कागदावर चढेल ते कायमचं.

पार्जोच्या घरी बाळ होऊन महिना होत आला होता. पहिलाच मुलगा, बागस. त्याची वार मडक्यात घालून दाराशी पुरलेली, वर उपडी टोपली, टोपलीत दिवा. तुमच्याही आयांनी हेच केलंय. बाळाचं धाकटं भावंड ते, त्याला अंधारात ठेवायचं नसतं.

त्याची बायको रुमिनी म्हणाली, "अहो, दिव्यात तेल संपत आलंय. दुकान बंद व्हायच्या आत आणा."

"आणतो की."

"आणि गप्पा हाणत बसू नका तिथे."

पार्जो निघाला. खांद्यावर कुदळ. तेल आणायला कुदळ कशाला, हे काही तिने विचारलं नाही. बिचारी पोराला पाजत होती.

त्याने तेल घेतलं, बाटली लुंगीच्या कनवटीला खोचली, आणि घरी यायच्या ऐवजी वर चढला. त्याच्या मळ्याला लागून म्बाह केर्तोंचा मळा. केर्तो आजोबा नुकतेच गेले होते, चाळिसाव्या दिवसाचं जेवण अजून व्हायचं होतं. मागे एकटी म्हातारी, म्बाह तुमिना. मूल ना बाळ. पार्जोने मनाशी म्हटलं, म्हातारीला एवढी जमीन काय करायची? माझ्या बागसला चार सऱ्या जास्त मिळाल्या तर कुणाचं काय जातंय?

बांधावर आंदोंगची सात झाडं. पार्जोच्या बापाने आणि म्बाह केर्तोंनी मिळून लावलेली. धुकं असं दाट की हातातली कुदळ दिसेना. त्याने पहिलं झाड मुळासकट उपटलं, तीन पावलं केर्तोंच्या मळ्यात आत नेऊन लावलं. जुना खड्डा बुजवला, पायाने दाबला, वर पालापाचोळा पसरला. हुशार ना! सकाळी कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

दुसरं झालं. तिसरं झालं.

तेव्हा वास आला. धूप घातलेल्या विडीचा. तसली विडी गावात एकच माणूस ओढायचा.

पार्जो थांबला.

धुक्यात कुठेतरी कुदळ वाजत होती. खच्च... खच्च... तो थांबला तशी तीही थांबली. त्याने एक घाव घातला. तिकडेही एक घाव पडला.

"पार्जो..."

अगदी साधा आवाज. रोज बांधावर भेटल्यावर यायचा तसा.

"जेवलास का रे?"

अशा वेळी ओ द्यायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सवय वाईट. त्याच्या तोंडून निघून गेलं, "जेवलो, म्बाह. तुम्ही?"

"माझं राहिलंय."

पार्जोने कुदळ खाली टेकवली.

"चालू दे तुझं... मीही लावतोय."

"काय... काय लावताय, म्बाह?"

 विडीचा वास एकदम गेला.

शहाणा असता तर तिथूनच पळाला असता. पण सकाळी मोजणी होती ना! भास असेल, थंडी असेल, म्हणत त्याने चौथं लावलं, पाचवं लावलं, सहावं लावलं. सातव्याला हात घालायला वाकला.

सातवं नव्हतं.

नुसता खड्डा. ताजा.

आणि कुदळ पुन्हा वाजायला लागली. खच्च... खच्च... आता मळ्यात नाही. खाली. त्याच्या घराच्या बाजूला.

मग त्याचा हात कनवटीला गेला. तेलाची बाटली तिथेच होती. भरलेली.

तो उतारावरून कसा आला, त्याचं त्यालाच ठाऊक. दाराशी अंधार. दिवा विझलेला. टोपली बाजूला पडलेली. आणि जिथे मडकं पुरलं होतं, तिथे... लाल पानांचं आंदोंग. सरळ उभं. बुंध्याशी माती पायाने नीट दाबलेली. त्याने वर दाबली होती, अगदी तशी.

तो आत धावला. रुमिनी झोपलेली. कुशीत बागस. पार्जोने गालाला हात लावला.

गार.

नाकाशी बोट धरलं. श्वास... होता. नव्हता. होता.

त्याने बायकोला उठवलं नाही. काय सांगणार होता? बाहेर येऊन त्याने झाड धरलं आणि ओढलं. निघेना. त्याने ओढावं, की खालून कुणीतरी ओढावं. "म्बाह, चुकलो," तो म्हणाला, "माझं पोर सोडा. सगळं होतं तसं लावतो. माझं पोर सोडा हो!" रडत होता बापडा.

झाड एकदम सुटलं.

ते उराशी धरून तो वर पळाला. सातवं त्याच्या खड्ड्यात बसवलं. बाकीची सहा उपटली. पण आता लावायची कुठे? जुने खड्डे त्यानेच बुजवलेले. पाचोळाही त्यानेच पसरलेला. धुक्यात हाताने चाचपत फिरला. इथे असेल... नाही, इथे... अंदाजाने एकेक लावलं. शेवटचं लावलं, आणि खालून बाळाचा टाहो ऐकू आला.

घरी आला तेव्हा रुमिनी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. "अहो, हे काय बघा." तिने बागसची मूठ उघडून दाखवली.

मुठीत माती होती. ओली, काळी माती.

आपल्या वस्तीत खालची माती लाल आहे. काळी फक्त वर, मळ्यात.

पार्जो तसाच दाराशी गेला. दिव्यात तेल घातलं आणि वात पेटवली. सकाळी मोजणीवाले आले. म्बाह तुमिनाने लाल झाडांकडे बोट दाखवलं, पार्जोने मान हलवली. शिक्के बसले, कागद झाले.

काय विचारतोस? मग थोडी जमीन तिला देऊन का टाकली नाही? अरे, गेला होता की तो! सगळं सांगितलं, पाया पडला. म्हातारी म्हणाली, "असू दे रे बाळा, वीतभर इकडे की तिकडे, मला काय करायचंय." तिने माफ केलं. दर पिकाला तो आपल्या बाजूची एक सरी पडीक सोडतो. पण खरा बांध कुठून जात होता, हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो तर... असो.

बागस आता शाळेत जातो. चांगला गुटगुटीत आहे, दृष्ट लागेल असा. रात्री आईबापाच्या मधे झोपतो, दाराला आतून कडी. तरी दर क्लिवोनच्या शुक्रवारी सकाळी त्याच्या नखांत काळी माती असते. रुमिनी धुऊन काढते, कुणाला बोलत नाही. मला बोलली, कारण मी तिचा मामा.

गेल्या खेपेला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती न्हाणीत पोराचा हात घासत बसली होती. वर न बघता म्हणाली, "मामा, आधी नुसती नखं भरायची हो. आता कोपरापर्यंत असते."