इंजिनाने धरलेली हवा

डिझेल इंजिनासारखं सरळ यंत्र नाही. स्वच्छ डिझेल द्या, नळीत हवा शिरू देऊ नका, बास, जन्मभर चालतं. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की माझी बायको हल्ली माझ्याआधीच वाक्य पुरं करते. मी इंजिनं दुरुस्त करतो. घरात मला शंकेखोर म्हणतात, कारण बंद इंजिन चालू झालं तरी ते नेमकं कशामुळे चालू झालं हे कळल्याशिवाय मला घास जात नाही. सवय वाईट आहे, पण आता या वयात कुठे सुटायची!

माझ्या वहिनींची कोंबडीच्या पिल्लांची हॅचरी आहे. दादा पिल्लांची खोकी गाडीत घालून पोचवायला जातो, बाकी सगळा कारभार वहिनींचा. पहिल्या खोलीत उबवायचं मोठं मशीन. पिल्लं निघायच्या बेतात आली की अंडी दुसऱ्या खोलीतल्या मशीनमध्ये हलवायची. दोन्ही मशीनना ऊब लागते आणि ती तुटून चालत नाही, म्हणून लाईट गेली की जनरेटर. जनरेटरची खोली दुसऱ्या खोलीला लागूनच, मधे एक भिंत.

त्या दिवशी सकाळी लाईट गेली. जनरेटर थोडा वेळ चालला, दोनदा आचके दिले आणि बंद पडला. वहिनींचा फोन आला. "भावजी, या," एवढंच म्हणाल्या, तेही अगदी शांतपणे. या बाई भाजी करपली तरी घर डोक्यावर घेतात, शांत होतात त्या खरं संकट आलं की. मी चपला घालायच्या आधी पान्यांची पिशवी उचलली.

इंजिन बघायच्या आधी त्यांनी मला दुसऱ्या खोलीत नेलं आणि मशीनचं दार बोटभर उघडलं. आतून बारीक चिवचिव ऐकू आली. एकही अंडं फुटलेलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी पिल्लू आतल्या आत पडदा फाडतं, अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते तिथे चोच घालतं, पहिला श्वास घेतं आणि बोलायला लागतं, असं त्यांनी सांगितलं. मग एका अंड्याला बॅटरी लावून दाखवली. वर उजळ पोकळी आणि खाली काळं काहीतरी हलत होतं.

"या एवढ्याशा हवेवर जगतंय ते," वहिनी म्हणाल्या. "दुपारपर्यंत मशीन गार पडलं तर सगळी जातील."

मागची खेप रोगाने गेली होती. हीही गेली तर हॅचरीला कुलूप लावायचं, असं दादाने बोलून दाखवलं होतं. वहिनींनी त्या मशीनमागे उमेदीची वर्षं घातली होती. 

दुखणं लगेच सापडलं. फिल्टर काळाठिक्कर, गाळाने भरलेला. जुना काढला, नव्यात स्वच्छ डिझेल काठोकाठ भरलं, रबरी रिंगला डिझेलचं बोट फिरवलं आणि हातानेच आवळला. पान्याने फिल्टर आवळणारे महाभाग आहेत, त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

फिल्टर बदलला की नळ्यांमध्ये हवा शिरते. ती काढल्याशिवाय इंजिन ढिम्म हलत नाही. त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी बुडबुडे येतात, मग सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. या इंजिनाचा पंप अलीकडे आणि स्क्रू पलीकडे, भिंतीच्या अंगाला. त्यामुळे कामाला दोघं लागतात. वहिनी स्क्रूखाली पेला धरून बसल्या, धार लागली की मला सांगायला. चहा निवायच्या आत व्हावं असं ते काम.

पण त्या दिवशी हवा संपेचना.

सगळे जोड पुसून पाहिले. साबणाचा फेस लावून पाहिला. कुठेही गळती नाही. टाकी भरलेली, नळी अखंड. हवा येते तर कुठून तरी यायला हवी ना? आकाशातून तर पडत नाही! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पलीकडे वहिनींजवळ जाऊन मी बुडबुडे पाहत बसलो. सगळे एका मापाचे, हरभऱ्याएवढे. फुटताना प्रत्येकाचा बारीक आवाज होत होता.

"भावजी, हे चिवचिवतंय," वहिनी म्हणाल्या.

आटे झिजले की शिट्टी वाजते, असं मी ठोकून दिलं. मग एका बुडबुड्यावर बोट ठेवलं. तो कोमट होता. इंजिन केव्हाच गार झालेलं आणि टाकीतलं डिझेल त्याहून गार. मी बोट पुसलं आणि पुन्हा ठेवून पाहिलं. पुढचाही कोमटच होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडची चिवचिव कमी झाल्याचं माझ्या लक्षात आलं. वहिनींच्याही आलं, त्यांचा चेहरा उतरला. पिल्लं गारठायला लागली असणार. मी पंपाकडे धावलो आणि आधीपेक्षा दुप्पट जोराने दाबत सुटलो. खांदा भरून आला. पलीकडे बुडबुडे नुसते उसळत होते आणि भिंतीआडचा आवाज आणखी बारीक होत होता. जितका तो बारीक होई तितका मी जोर लावी.

"लागली धार," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी स्क्रू आवळला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दिवे लागले, वहिनी पळत आत गेल्या आणि मी हात पुसत स्वतःवर खूश होऊन उभा राहिलो. बराच वेळ झाला तरी त्या बाहेर येईनात, म्हणून मी आत गेलो.

वहिनी सकाळच्याच अंड्याला बॅटरी लावून उभ्या होत्या. वरची उजळ पोकळी नव्हती. अंडं काठोकाठ भरलेलं होतं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळी तशीच. आतलं पिल्लू मात्र हलत होतं.

"यातली हवा कुठे गेली?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या हातातली बॅटरी घेऊन आणखी एक अंडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळी पिल्लं निघाली. एकही दगावलं नाही, असं कधी होत नाही म्हणे. ऊन लागलेल्या कापसासारखी फुललेली, तुरुतुरु चालणारी. फक्त आवाज नव्हता. शंकेखोराने पिल्लांना सायलेन्सर बसवला, असं दादा म्हणाला. पिल्लाच्या ओरडण्यावरून ते भुकेलं की गारठलं ते कळतं, मुकी पिल्लं कोण घेणार, म्हणून वहिनींच्या जिवाला घोर लागला. त्यांनी एक पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं. काळीज टकटक चालू होतं. छाती हलत नव्हती.

लाईट आली होती, इंजिन बंद होतं. मला चहाही गेला नाही. पिल्लांचं एक खोकं उचललं, जनरेटरच्या खोलीत नेऊन भिंतीशी ठेवलं आणि पंपाला हात न लावता स्क्रू अर्धा आटा सैल केला.

एक बुडबुडा आला. फुटला. चिव.

खोक्यातल्या एका पिल्लाने त्याच क्षणी चोच उघडली.

दुसरा बुडबुडा आला आणि दुसरी चोच उघडली. मी स्क्रू आणखी सैल केला. बघता बघता खोकं चिवचिवाटाने भरून गेलं, सगळ्या छात्या भराभर हलायला लागल्या. आवाज ऐकून वहिनी दारात आल्या, तिथेच खाली बसल्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मलाही हुंदका आला, खोटं कशाला बोलू?

"सैलच राहू द्या तो," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

आणि डोक्यावरचा दिवा गेला.

पहिल्या खोलीतल्या मशीनचा पंखा मंद होत होत थांबला. त्या मशीनमध्ये पुढची खेप होती, तीनचार खोकी नव्हे, अख्खी खोली भरून अंडी. स्क्रू सैल असला तर इंजिन चालत नाही, हे आता वहिनींनाही ठाऊक होतं.

त्यांनी खोक्याकडे पाहिलं. मग पहिल्या खोलीकडे. 

"आवळा, भावजी," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

मी आवळला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दिवा लागला.

खोक्यात चोची उघडल्या होत्या तशाच उघड्या राहिल्या, सगळ्या स्क्रूकडे वळलेल्या.