सदूमामाची जागा

बोट जुनी होते ती पाण्याने कमी आणि माणसांनी जास्त, असं रसिकाचं ठाम मत होतं. हर्णेत राहून ती लाकडी बोटींच्या छोट्या प्रतिकृती करायची, आणि नव्याकोऱ्या बोटीला जुनं करण्यात तिचा हातखंडा होता. रंगीत खडू पॉलिश पेपरवर घासायचे आणि पडलेली भुकटी ब्रशने चढवायची. तांबडी ती गंजाची, पांढरी ती खाऱ्या पाण्याची. शेवटी वार्निशचा फवारा मारला की सगळं पक्कं. तोवर ओल्या कापसाने काहीही पुसता येतं.

या खेपेला तिने नवऱ्याचीच बोट केली होती. दीपक 'दशभुजा' या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता, आणि त्याच्या आईचा, मथुराबाईंचा, धाकटा भाऊ सदूमामा त्याच बोटीवर खलाशी. मामा कायम मागच्या कठड्यावर बसून जाळं सांधायचे. तिथला निळा रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं. रसिकाने तेवढ्या जागी करंगळीने तपकिरी भुकटी लावली आणि स्वतःशीच हसली. मामा बसले जागेवर!

दिवाळीच्या तोंडावर वादळाचा इशारा आला. बाकीच्या बोटी बंदरात परतल्या, 'दशभुजा' नाही. फोनही लागेना.

सकाळी धक्क्यावर वाट बघून रसिका घरी आली, तर टेबलावरच्या बोटीची पांढरी रेघ वर सरकलेली. तिने ती तळाजवळ ओढली होती, आता ती कठड्याला टेकली होती. रसिकाने करंगळी लावून जिभेवर ठेवली. खडूला चव नसते. हे खारट होतं.

काहीतरीच, असं म्हणत तिने रेघ पुसून काढली.

दुपारी ती केबिनच्या दाराशी पोचली होती.

"काय करतेस गो?" मथुराबाईंनी विचारलं. त्या नारळ खवत होत्या. "सदू येईल आता. भाऊबीजेला त्याला करंज्या लागतात."

"पुसत्येय, आई."

तिने कापूस आणखी जोरात फिरवला. कापसाबरोबर कठड्यावरचा तपकिरी डागही निघून आला. तिला तो दिसला. नंतर लावू, आधी दीपक येऊ दे, असं मनात आलं आणि हात थांबला नाही.

संध्याकाळी 'दशभुजा' आली. रसिका सगळ्यांदेखत दीपकला बिलगून रडली.

"केबिनपर्यंत पाणी चढलं होतं," तो म्हणाला. "मग कोणीतरी पुसून घेतल्यासारखं उतरलं."

"मामा कुठायत?"

"कोणाचे मामा?"

तिने बोटीच्या मागच्या बाजूला पाहिलं. कठड्याचा निळा रंग कोराकरकरीत होता.

ती धावत घरी आली. "आई, सदूमामा... तुमचा भाऊ..."

"मला कुठचा गो भाऊ?" मथुराबाई म्हणाल्या. "जन्मभर भाऊबीजेला चंद्रालाच ओवाळत आल्ये मी."

भाऊबीजेला त्यांनी अंगणात ताट धरलं आणि चंद्राला ओवाळलं.

आत रसिका करंगळीने तपकिरी भुकटी दाबत होती. कठड्यावर ती काही धरेना.