चार बोटं पाणी

आमच्या घरी भूत-भानामतीला थारा नाही. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच गंडेदोरे, देवऋषी सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. म्हणून हे सांगताना मलाच कसंतरी होतंय. पण हे घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

घडलं माझ्या थोरल्या भावासोबत, प्रेमानंददादासोबत. गेल्या एप्रिलात, मुरुमजवळच्या एका रिसॉर्टवर.

आणि रात्री नाही बरं का. भर दुपारी.

दादा जिल्हाभर पोहण्याचे तलाव दुरुस्त करत फिरतो. त्या रिसॉर्टवर दिवाळीत नवीन यंत्र बसवलं होतं. पाण्यात मीठ टाकायचं, यंत्र त्यातूनच क्लोरीन तयार करतं. पण यंत्राचा दिवा सारखा ‘मीठ कमी’ दाखवायचा. पोतं ओतलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. आणि तलावाचं पाणी रोज उतरायचं.

दादाच्या लगेच लक्षात आलं. पाणी कुठंतरी गळतंय, वरून बोअरचं गोडं पाणी भरतात, म्हणून मीठ पातळ होतंय. गळती सापडली की यंत्र आपोआप ताळ्यावर येणार.

तिथला राखणदार कोंडीराम, साठी उलटलेला माणूस. तो हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगू का? मीठ टाकलं की दुसऱ्या दिशी पाणी जादाच उतरतंय."

"मग काय मामा, तलावाला तहान लागते व्हय?" दादा हसला.

कोंडीराम हसला नाही.

दादानं नेहमीची परीक्षा लावली. तलावातलंच पाणी बादलीत भरलं, बादली तलावाच्या पायरीवर ठेवली. आतल्या पाण्याला पेन्सिलीची एक खूण, बाहेरच्या पाण्याला दुसरी. दोन्ही सारखं उतरलं तर उन्हानं आटलं. तलावाचंच जास्त उतरलं तर गळती. सोपा हिशोब.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तो परत आला.

तलाव उतरला होता... चार बोटं.

बादलीत बघितलं...

तिथंही चार बोटं.

एका दिवसात उन्हानं एवढं पाणी आटत नाही. आणि बादलीला तर साधी चीरसुद्धा नव्हती.

"मामा, बादलीला हात लावला का तुम्ही?"

"म्या कशाला लावू, साहेब?"

दादा वैतागला. आधी यंत्र तरी साफ करू म्हणून तो पंपाच्या खोलीत उतरला. खोली म्हणजे जमिनीखालचा खड्डाच. वर लोखंडी झाकण, आत शिडी, तलावाच्या भिंतीला लागून पंप आणि पाइप. कोंडीराम भाकर खायला गेला होता. दादानं पंप बंद केला, यंत्राच्या पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्यावरचा पांढरा थर ॲसिडनं धुवायला घेतला. प्यायच्या पाण्याची बाटली शिडीपाशी ठेवली होती.

पंप बंद. सगळं शांत.

आणि मग भिंतीतून आवाज आला...

गटक्.

दादा थांबला. पाइपात हवा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

गटक्... गटक्...

कुणीतरी घाईघाईनं पाणी पीत होतं.

तेवढ्यात वरचं झाकण लागलं. आपटलं नाही, धाडकन पडलं नाही. सावकाश लागलं.

दादा शिडी चढला. खांदा लावून ढकललं. झाकण हललं नाही. मोबाइलला रेंज नव्हती. मामा, मामा म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडला. लोखंड तापलेलं, आत ॲसिडचा वास कोंडलेला, श्वास अपुरा पडायला लागला. एक घोट पाणी प्यावं म्हणून त्यानं बाटली उचलली.

बाटली हलकी होती.

टोपण घट्ट बंद... आणि आत थेंब नाही.

मग भिंतीतूनच, अगदी कानाजवळ, कोरड्या घशातला आवाज आला.

"लई खारं हाय, बाबा..."

दादाची पाचावर धारण बसली. हा माणूस रात्री मसणवटीतून शॉर्टकट मारणारा. पण त्याला कळलं, आपण इथंच मरणार. रोहिणीवहिनी संध्याकाळी जेवायला वाट बघणार, आणि आपण या खड्ड्यात. त्याला रडू आलं, हे त्यानं स्वतः मला सांगितलं.

गिऱ्हाईक चिडलं की दादा एकच वाक्य बोलतो. वीस वर्षांची सवय. त्या खड्ड्यातही तोंडातून तेच निघालं.

"काळजी करू नका." आणि लगेच पुढं, "गोडं पाणी आणतो. रोज आणतो. मला जाऊ द्या."



मग झाकण उघडलं. वर कुणीच नव्हतं.

कोंडीराम आंब्याखाली भाकर खात होता. त्याला एकही हाक ऐकू गेली नव्हती. दादाचा चेहरा बघून त्यानं घास खाली ठेवला.

"हितं आधी विहीर खोदत व्हते," तो म्हणाला. "माझा बा वर व्हता. दरड पडली, एक गडी आत दबला. दोन दिस पाणी मागत व्हता. वरचे म्हनायचे, आनतो, दम धर. पर खाली जायला वाटच न्हवती. तिसऱ्या दिशी आवाज थांबला. मग बुजवली."

दादानं बादली रिकामी करून गाडीला अडकवली आणि तडक घर गाठलं. मालकाला फोन करून यंत्र काढायला लावलं. तिथलं पाणी उतरायचं त्याच दिवसापासून थांबलं.

आमच्या मोरीत नळाचं पाणी भरून ठेवलेली ती बादली मात्र दुसऱ्या सकाळी उतरली होती.

चार बोटं.

तेव्हापासून दादा रोज बादली भरतो. मोठी कामं लातूरला, सोलापूरला मिळतात, त्यानं सगळी सोडली. कुठं मुक्कामाला जात नाही. मी चिडवायचे, बादलीशीच संसार मांडलास का? आता चिडवत नाही.

कारण मे महिन्यात आमच्या गल्लीत नळाला बारा दिवस पाणी आलं नाही. बादली कोरडी पडली. त्या दुपारी पुढचं दार लागलं. मागचंही लागलं. कडी काढलेली, तरी दोन्ही दारं हलेनात. आई, वहिनी, दादा आणि मी, चौघं आत. मोरीतून आवाज यायला लागला... गटक्... कोरडाच.

शेजारच्या बनाबाईंनी खिडकीच्या गजांतून तांब्या आत दिला. दादानं तो बादलीत ओतला. तेव्हा दार उघडलं.

आज नळाचा दिवस आहे. मी मोरीत बघून आले. बादलीत दोन बोटं पाणी उरलंय. बनाबाई कालच लेकीकडं अणदूरला गेल्या.

नळाला अजून पाणी आलेलं नाही.

आणि मघाशी... वारा नसताना पुढचं दार लागलं.